स्टेशनाशेजारची ट्राम

दादरच्या रेल्वे स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून मुख्य रस्त्याकडे चालू लागले की पाच-सात मिनिटांत खोदादाद सर्कल येते. मुंबईकर या चौकाला दादर टी. टी. म्हणतात, कारण ट्रामचे टर्मिनस इथे होते. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून सुटलेली मुंबईची अखेरची ट्राम दादरलाच येऊन थांबली. स्टेशन आणि टर्मिनस यांच्यातले अंतर इतके किरकोळ, की दादरला लोकल आणि ट्राम एकत्र येत असत, असे कोणीही सहज म्हणून जाईल. या प्रकरणात मला नेमके हेच विधान तपासायचे आहे. माझ्या मते त्या एकत्र येत नसत, एकमेकींच्या शेजारून जात असत. दादर स्टेशनात उतरलेल्या माणसाला पुढे नेण्याचे काम ट्रामने मुख्यतः केलेच नाही. रेल्वे ज्या दिशेने जाई त्याच दिशेने, पण पुष्कळ सावकाश, जाणारी ती दुसरी वाट होती. मुंबईच्या ट्रामचे पुढे काय झाले याचा बराचसा उलगडा या एका गोष्टीतून होतो, आणि आज उभ्या राहणाऱ्या मेट्रोच्या मार्गांकडे पाहण्याची एक कसोटीही हाती लागते.

उपनगरी रेल्वेचे स्टेशन ही मुळात अर्धवट सोय असते. गाडी माणसाला दूरवरून वेगाने आणते आणि अशा जागी सोडते, जिथे त्याला स्वतःला क्वचितच जायचे असते. घर, कचेरी, गिरणी, बाजार, इस्पितळ हे सारे स्टेशनापासून थोडे लांब असते, आणि तो शेवटचा मैलभर रस्ता पायी तुडवावा लागतो. ट्राम हा मैल दोन तऱ्हांनी भरून काढू शकते. एक म्हणजे रेल्वेच्या रुळांना आडवी, जवळजवळ काटकोनात, जाऊन. अशी ट्राम स्टेशनाच्या दारातून माणसे उचलते आणि दोन्ही बाजूंच्या वस्तीत पेरते. दुसरी तऱ्हा म्हणजे रेल्वेला समांतर धावून मधल्या लहान लहान टप्प्यांची सोय करणे. दोन्ही ट्रामच, दोन्ही उपयोगी. पण रेल्वेशी असलेले त्यांचे नाते उलट आहे. रेल्वे सुधारली, गाड्या वाढल्या, वेग वाढला, की आडव्या ट्रामचे प्रवासी वाढतात, कारण स्टेशनात उतरणारी गर्दी तिच्याकडेच येते. समांतर ट्रामचे प्रवासी मात्र त्याच कारणाने घटतात. स्टेशनाशी एखाद्या वाहनाचा खरा सांधा आहे की नाही, हे ओळखायला यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही.

आता मुंबईचा क्रम पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे जी. आय. पी. रेल्वेची गाडी धावली. पश्चिम किनाऱ्याने आलेल्या बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बी. बी. सी. आय. रेल्वेने १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी सुरू केली. ट्राम त्यानंतरची. १८६५ मध्ये एका अमेरिकी कंपनीला घोड्यांच्या ट्रामचा परवाना मिळाला होता, पण अमेरिकेतले यादवी युद्ध संपताच मुंबईतली कापसाची तेजी कोसळली आणि ती योजना कागदावरच राहिली. अखेर ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी ही घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचा एक फाटा क्रॉफर्ड मार्केटवरून, तर दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे जाई. भाडे सुरुवातीला तीन आणे होते आणि तिकीट दिलेच जात नसे. गर्दी वाढल्यावर भाडे दोन आण्यांवर आले आणि फुकट्यांना आळा घालायला तिकिटेही आली. या मार्गाकडे नीट पाहिले तर त्यामागचा विचार कळतो. एका टोकाला कुलाबा, मध्ये कोट, दुसऱ्या टोकाला दाट वस्तीचे देशी शहर. ट्राम व्यापाऱ्याला आणि कारकुनाला घरून पेढीवर नेत होती. बोरीबंदर वाटेत लागत होते म्हणून ती तिथे थांबे. रेल्वेने आलेला माणूस हा तिच्या हिशेबातला एक प्रवासी होता, तिच्या जन्माचे कारण नव्हता.

१९०५ मध्ये ही ट्राम बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीकडे आली आणि ७ मे १९०७ रोजी विजेवरची पहिली ट्राम धावली. त्यानंतरच्या काळात दक्षिण मुंबईत रुळांचे चांगले जाळे विणले गेले आणि तिथे आडवे फाटेही होते. ग्रँट रोड स्टेशनाजवळून पूर्वेकडच्या वस्तीत जाणारी ट्राम पश्चिमेच्या रेल्वेला खरोखर छेदत होती. भायखळ्यालाही अनेक दिशांची ट्राम मिळे. म्हणून मुंबईत ट्राम कुठेच रेल्वेला जोडलेली नव्हती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण हे जाळे बेटाच्या दक्षिण टोकाला होते, जिथे वस्ती दाट, रस्ते अनेक आणि स्टेशने जवळजवळ. तिथला माणूस घरून थेट कामावर ट्रामने जाऊ शकत होता. त्याला रेल्वेची गरजच कमी होती. स्टेशनाला जोडवाहनाची गरज खरी पडते ती वस्ती विरळ होत जाते तिथे, म्हणजे उत्तरेकडे, आणि नेमके तिथे जाळे संपून एकच लांब दोर उरला होता.

हा दोर भायखळ्याहून लालबाग, परळ करत दादरला येई. आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग तो हाच. या रस्त्याच्या पश्चिमेला, कुठे हाकेच्या तर कुठे थोड्या अधिक अंतरावर, जी. आय. पी. रेल्वेचे रूळ आहेत आणि त्यांवर भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर अशी स्टेशने एकामागोमाग एक लागतात. नकाशा पुढे ठेवून बोट फिरवले तर दिसते की भायखळ्यापासून दादरपर्यंत ट्राम आणि लोकल एकाच अरुंद पट्ट्यातून, एकाच दिशेने, एकाच टोकाकडे चाललेल्या आहेत. चिंचपोकळी किंवा करी रोडला उतरलेल्या गिरणी कामगाराला ट्रामचा रस्ता चालत गाठावा लागे, आणि तिथवर चालत आल्यावर ट्राम त्याला पुन्हा दक्षिणेला नाहीतर उत्तरेला नेणार, म्हणजे जिथून रेल्वेने आणले तिकडे किंवा जिकडे रेल्वेच नेऊ शकत होती तिकडे. पूर्वेला शिवडी, पश्चिमेला वरळी, या आडव्या दिशा त्याच्यासाठी बहुतेक पायांवरच सोपवलेल्या होत्या.

दादरला हे आणखी ठळक होते. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दक्षिणेच्या कोंदट वस्तीतून माणसे उत्तरेच्या मोकळ्या जागेत न्यायची, हा तिचा एक मोठा हेतू होता आणि दादर-माटुंगा-वडाळा-शीव हा त्यातला मोठा टापू. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी या आखीव वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. खरी वस्ती भरली ती पहिल्या महायुद्धानंतर. या आखणीचा कणा स्टेशन नव्हते, उत्तर-दक्षिण जाणारा रुंद रस्ता होता. चौक, बागा, गोल वर्तुळे त्या रस्त्यावर ओवलेली आहेत आणि खोदादाद सर्कल हे त्यांतलेच एक. कॉलनीतल्या मध्यमवर्गीयाने घरातून निघावे, मुख्य रस्त्यावर यावे, ट्राम धरावी आणि कोटात उतरावे, अशी ही रचना होती. ट्रामचे टर्मिनस स्टेशनाच्या दारात न येता रस्त्यावरच्या चौकात राहिले, यात निष्काळजीपणा नाही. ज्या प्रवाशासाठी ती ट्राम होती, तो स्टेशनातून येणारच नव्हता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. समांतर ट्राम ही चूक कशी? रेल्वेची स्टेशने अर्ध्या-पाऊण मैलावर एक, तर ट्रामचा थांबा काही पावलांवर. लालबागहून परळला, परळहून दादरला जाणाऱ्या माणसाने जिना चढून, फलाटावर गाडीची वाट पाहून, दोन स्टेशनांसाठी लोकल का धरावी? रस्त्यावरूनच ट्राममध्ये पाय टाकावा. गिरणगावातल्या चाळी, खाणावळी, दुकाने, नाटकगृहे या मुख्य रस्त्याच्या आजूबाजूलाच होती. हे सगळे खरे आहे आणि त्यात माझ्या मुद्द्याला बाध येत नाही. ट्राम निरुपयोगी होती असे मी म्हणत नाही; ती रस्त्याची होती, स्टेशनाची नव्हती, एवढेच म्हणतो. १९२० च्या सप्टेंबरमध्ये कंपनीला दुमजली ट्राम आणावी लागली, यावरूनच तिच्या गर्दीची कल्पना येते. पण रस्त्याच्या चाकरीतल्या वाहनाला एक धोका असतो. त्याच रस्त्यावरून तेच काम करणारे दुसरे वाहन आले की त्याची जागा घेणे सोपे जाते. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली बस धावली ती याच कंपनीची. आपल्याच गोठ्यात प्रतिस्पर्धी वाढवला जात आहे, याची जाणीव तेव्हा कंपनीला कितपत होती कोण जाणे.

दुसरा आक्षेप अंतराचा. पाच-सात मिनिटांची चाल म्हणजे काही फारकत नव्हे. मुंबईकर तेवढे सहज चालतो. चालतो, पण नाइलाजाने चालणे आणि जोडणी असणे यांत फरक आहे. एका वाहनातून दुसऱ्यात बदलताना माणसाला जे जड जाते ते निव्वळ अंतर नसते. पाऊस असतो, हातात पिशवी असते, कडेवर मूल असते, दुसरे वाहन कधी मिळेल याची खात्री नसते, आणि तिकीट पुन्हा काढायचे असते. यातली शेवटची गोष्ट दादरला फार महत्त्वाची आहे. इथे एकाच गर्दीला हात घालणारी तीन स्वतंत्र संस्थाने होती. जी. आय. पी. रेल्वेचा कारभार १९२५ मध्ये सरकारकडे गेला, बी. बी. सी. आय. रेल्वे १९४२ पर्यंत कंपनीकडेच होती, आणि ट्राम ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेच्या ताब्यात येईपर्यंत खासगी होती. प्रत्येकाचे तिकीट निराळे, हिशेब निराळा. दुसऱ्याचा प्रवासी आपल्याकडे वळवण्यात त्यांचा फायदा होता. त्याला दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडण्यात नव्हता. ही वृत्ती किती चिवट असते याचा पुरावा दादरच्या फलाटांवरच होता. पश्चिम आणि मध्य अशी नावे घेतलेल्या या दोन रेल्वेंची स्टेशने पुलांनी जोडलेली, रोज लाखो माणसे एकीतून दुसरीत जाणारी, तरी दोघींचे फलाट आपापल्या एकपासून मोजले जात. पश्चिम रेल्वेचे एक ते सात आणि मध्य रेल्वेचे आठ ते चौदा असा सलग क्रम लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. दोन रेल्वेंना फलाटांचे आकडे जुळवायला इतकी वर्षे लागली, तिथे ट्रामच्या आणि रेल्वेच्या तिकिटांची सांगड कोण घालणार होते?

मग ट्राम स्टेशनातच का आणली नाही, असा प्रश्न उरतो. काही शहरांत तसे घडलेले आहे. जर्मनीतल्या कार्ल्सरूहमध्ये १९९२ पासून शहरातली ट्राम रस्त्यावरून निघून सरळ रेल्वेच्या रुळांवर चढते आणि ब्रेटनसारख्या गावापर्यंत जाते. प्रवाशाला गाडी बदलावीच लागत नाही. पण त्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. रुळांची रुंदी एक हवी, आणि विजेचा दाब वेगळा असेल तर दोन्हींवर चालणारी गाडी हवी. कार्ल्सरूहमध्ये दोन्ही रूळ १४३५ मिलिमीटरचे होते, आणि दोन दाबांवर चालणाऱ्या गाड्या त्यांनी खास बनवून घेतल्या. मुंबईत ट्रामचे रूळ १४३५ मिलिमीटरचे, तर रेल्वेचे रुंद मापाचे, १६७६ मिलिमीटरचे. ट्राम रेल्वेच्या रुळांवर जाणे इथे पहिल्या दिवसापासून अशक्य होते. पण सांधा जुळायला रूळ एक होण्याची गरज नसते. ट्रामने रेल्वेला योग्य जागी छेदणे पुरते, आणि दादरला तशी जागा होती. टिळक पूल दोन्ही रेल्वेंच्या वरून जातो. त्याचे पूर्वेचे टोक खोदादाद सर्कलच्या बाजूला उतरते, तर पश्चिमेचे शिवाजी पार्ककडे जाणाऱ्या रस्त्यांना मिळते. शिवाजी पार्कचे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि त्याभोवतीची वस्ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत भरत गेली. पूर्वेला १९३७ मध्ये रुईया कॉलेज आले, माटुंग्याला त्याआधीच, १९२३ मध्ये, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट भायखळ्याहून आली होती. पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही वसाहती, मध्ये दोन रेल्वे आणि त्यांच्यावरून जाणारा एक पूल. आडव्या ट्रामला याहून चांगले निमित्त मुंबईत दुसरीकडे मिळणे कठीण होते. तो मार्ग झाला असता तर दादरच्या दोन्ही स्टेशनांत उतरणारी माणसे पुलावरूनच ट्राममध्ये चढली असती. पुलावरून ट्राम नेणे चढामुळे आणि वजनामुळे सोपे नव्हते, हे मान्य. तरीही असल्या मार्गाचा विचार करणे ज्याच्या फायद्याचे होते, असा कोणीच त्या तीन संस्थानांत नव्हता, ही मला त्याहून मोठी अडचण वाटते.

आता सुरुवातीला सांगितलेली परीक्षा लावून पाहू. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. पुढच्या थोड्याच वर्षांत मुख्य मार्गावरही वीज आली, आणि १९२८ च्या जानेवारीपासून पश्चिमेच्या रेल्वेवर विजेच्या लोकल सुरू झाल्या. वाफेचे इंजिन थांबले की पुन्हा वेग घ्यायला वेळ घेते. स्टेशने जवळजवळ असली की हा तोटा फार जाणवतो. विजेची लोकल झटकन सुटते, झटकन थांबते, आणि टोकाला इंजिन न बदलता उलटी फिरते. म्हणजे ज्या लहान टप्प्यांवर ट्रामची सद्दी होती, त्याच टप्प्यांवर रेल्वे एकाएकी चांगली झाली. आज धिमी लोकल दादरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला वीस-बावीस मिनिटांत जाते. गर्दीच्या रस्त्यावरून थांबत थांबत जाणाऱ्या ट्रामला तेवढेच अंतर कापायला याच्या दुप्पट किंवा अधिक वेळ लागणे स्वाभाविक होते. ट्राम जर दादर स्टेशनाची जोडवाहिनी असती, तर विजेच्या लोकलने तिचे भले केले असते. तिचे भले झाले नाही. ती स्वस्त होती आणि दारात मिळत होती, म्हणून तिचा प्रवासी टिकून राहिला. पण ज्याला घाई होती तो लोकलकडे गेला, आणि ज्याला लोकल नको होती त्याच्यासाठी बस आली. महापालिकेकडे कारभार आल्यानंतर एकेक मार्ग बंद होत गेला आणि शेवटी उरला तो बोरीबंदर-दादर. सगळ्यांत लांब टिकलेला मार्ग रेल्वेला समांतर असलेलाच होता, हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते असे कोणी म्हणेल. तो टिकला, कारण त्या सरळ रुंद रस्त्यावर गर्दी सर्वांत जास्त होती. पण बंद झाला तेव्हा त्याच्या जागी काहीही नवे बांधावे लागले नाही. त्याच रस्त्यावर बस होती आणि शेजारी लोकल होती. जी वाट गेल्याने कोणतेही स्टेशन लोकांपासून तुटत नाही, ती पुसून टाकणे कोणत्याही प्रशासनाला सोपे असते.

रस्त्यावरच्या मोटारींना ट्रामची अडचण होते, हे त्या काळी बहुतेक भारतीय शहरांत दिलेले कारण. मद्रासची ट्राम १९५३ मध्ये गेली, दिल्लीची १९६३ मध्ये. या कारणात तथ्य आहे, पण ते मोटारीच्या काचेतून दिसणारे तथ्य आहे. ट्राममधल्या माणसांची संख्या आणि मोटारीतल्या माणसांची संख्या शेजारी मांडली असती तर अडचण कोणाची कोणाला होते, याचे उत्तर बदलले असते. मुंबईने त्याच सुमारास ट्रॉलीबसचाही प्रयोग केला, १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक असा. हा मार्ग बेटाला आडवा जाणारा होता, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. तो १९७१ मध्ये बंद पडला.

म्हणजे आडवा मार्गही बंद पडू शकतो. इथे कलकत्त्याची साक्ष काढायलाच हवी, कारण ती माझ्या बाजूची पूर्णपणे नाही. कलकत्त्याची पहिलीच ट्राम, २४ फेब्रुवारी १८७३ ची, स्टेशन जोडण्यासाठीच काढलेली होती: सियालदह स्टेशन ते हुगळीकाठचा आर्मेनियन घाट. रेल्वेने आलेला माल आणि माणूस घाटापर्यंत न्यावा, असा हेतू. मुंबईच्या आधी एक वर्ष, आणि मुंबईत कधीच न सुचलेली कल्पना. पण पुरेसे प्रवासी न मिळाल्याने ती त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद करावी लागली. १८८० मध्ये नव्या कंपनीने तोच मार्ग पुन्हा घेतला तेव्हा तो चालला. हावड्याच्या नव्या पुलाची गोष्ट याहून बोलकी आहे. १९४३ मध्ये तो पूल वाहतुकीला खुला झाला तेव्हा त्यावरून गेलेले पहिले वाहन ट्राम होते. हावडा स्टेशनात उतरलेल्या गर्दीला नदीपलीकडच्या शहरात नेणारी ती ट्राम, म्हणजे आडव्या जोडणीचा आदर्श नमुना. तरीही पुलावरचा भार कमी करण्यासाठी १९९३ मध्ये तीही बंद झाली. तेव्हा स्टेशनाशी सांधा असला म्हणजे ट्राम अमर होते, असा दावा करता येत नाही. मी तो करतही नाही. माझा दावा एवढाच की ट्राम किती उपयोगी होती आणि ती गेल्याने काय बिघडले, हे तिच्या दिशेवरून ठरते. हावड्याच्या पुलावरून ट्राम गेली तेव्हा त्या स्टेशनाचा शहराशी असलेला एक दुवा निखळला आणि ती सारी गर्दी बसवर व पायी वाटेवर पडली. दादरची ट्राम गेली तेव्हा हळहळ पुष्कळ झाली, पण दादर स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या माणसाची वाट दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसासारखीच होती.

मुंबईच्या ट्रामची आणखी एक मर्यादा तिच्या हद्दीत होती. ती माहीमची खाडी ओलांडून साष्टीत कधीच गेली नाही. महापालिकेची हद्दच १९५० पर्यंत माहीम-शीवशी संपत होती. त्या वर्षी ती पुढे सरकली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. तोवर ट्रामचे दिवस भरत आले होते. म्हणजे वांद्रे, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर ही जी खरी उपनगरी स्टेशने, जिथे रेल्वे सोडली तर दुसरे काहीच नव्हते आणि वस्ती रुळांपासून दूर दूर पसरत होती, तिथे ट्रामचा एक फूटही रूळ पडला नाही. लंडनच्या दक्षिणेकडचे क्रॉयडन याच्या नेमके उलट. तिथे जुनी ट्राम दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघाली होती. २००० च्या मे महिन्यात नवी ट्राम आली ती ईस्ट क्रॉयडन या गजबजलेल्या स्टेशनाच्या दारातून जाणारी. तिची एक शाखा न्यू अ‍ॅडिंग्टन या मोठ्या सरकारी वसाहतीला जाते, जिथे रेल्वे कधी पोचलीच नव्हती. दुसरी शाखा वेस्ट क्रॉयडन ते विम्बल्डन या १९९७ मध्ये बंद केलेल्या रेल्वेमार्गावरून धावते आणि विम्बल्डन स्टेशनाच्या फलाटालाच लागते. इथे ट्राम आणि रेल्वे यांचे कारभारी वेगळेच आहेत, पण लोकल सुधारली की ट्रामचे प्रवासी वाढतात, अशी ही रचना आहे. लंडनचा मोठेपणा सांगण्यासाठी हे उदाहरण दिलेले नाही. क्रॉयडनला हे सुचले ते जुनी ट्राम मोडल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

मुंबईलाही ते सुचले, फक्त वाहन बदलले. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रोची पहिली मार्गिका अवघी ११.४ किलोमीटरची आहे, पण ती अंधेरीला पश्चिम रेल्वेला छेदते आणि घाटकोपरला मध्य रेल्वेला मिळते. तिचे प्रवासी लोकलने येतात आणि लोकलनेच जातात. लोकलमध्ये गर्दी वाढली तर तिच्यातही वाढते. पूर्व-पश्चिम जोडणीची भूक किती मोठी होती, हे तिच्या गर्दीवरूनच सिद्ध झाले. २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झालेली आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची तिसरी मार्गिका मात्र उत्तर-दक्षिण आहे. ती दादरवरून, ग्रँट रोडवरून, गिरगाव आणि काळबादेवीखालून कोटात जाते, आणि काळबादेवी ही तर १८७४ च्या घोड्यांच्या ट्रामची वाट. ती लोकलला समांतर आहे म्हणून चुकीची, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ या जागांवर लोकल कधीच गेलेली नव्हती, आणि जी लोकल माणसांना दारात लटकायला लावते, तिच्यावरचा थोडा भार उतरला तर तो लाभच आहे. विजेच्या लोकलसमोर ट्राम सावकाश होती. मेट्रो तशी नाही. तरी दादरच्या बाबतीत जुना प्रश्न पुन्हा विचारावा लागेल. इथले मेट्रो स्थानक पश्चिमेला आहे. तिथे उतरणाऱ्यांपैकी किती जण पुढे लोकल धरायला जातात, आणि किती जणांनी लोकलच सोडून दिली आहे, हे वेगवेगळे मोजले पाहिजे. मेट्रोच्या रोजच्या एकूण प्रवाशांचा आकडा कितीही मोठा असला, तरी त्यातून ते कळत नाही.